आखडलेले हात

आमवाताने बोटे आखडली की घरची माणसे मायेपोटी एकेक काम काढून घेतात. पुढे लग्नकार्याचे आमंत्रणही परस्पर नाकारले जाते. वेदनेइतकीच ही सूट माणसाला खचविते.

फ्रेंच चित्रकार रेन्वार यांना हा विकार पन्नाशीच्या सुमारास जडला. पुढे चाकांची खुर्ची आली, कुंचलाही कोणीतरी हातात द्यावा लागे. चित्र मात्र तेच रंगवीत. १९१३ पासून तरुण शिल्पकार गिनो यांच्या हातांकरवी त्यांनी शिल्पेही घडविली. १९१९ मध्ये, मृत्यूपूर्वी काही महिने, ते खुर्चीतूनच लूव्र संग्रहालय पाहून आले.

सकाळी सांधे तासभर, कधी त्याहूनही अधिक काळ ताठरलेले असतात. तेव्हा बोलावणे दुपारचे असावे, आणि उत्तर त्यांनाच विचारावे.