ढिकालात मुक्काम कुणाचा?

अभयारण्यात माणसानं रात्री राहू नये, तो राहिला की वाघाचं नुकसान होतं, हे आपल्याकडे इतक्यांदा बोललं जातं की त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. पण वाघांच्या घनदाट वस्तीत, ऐन गाभ्यात, माणसं रात्री राहतात. सरकारी परवानगीनं, पावती फाडून, गादी-उशीसकट राहतात. फेब्रुवारीत मी आणि बायको तसेच दोन रात्री राहून आलो. ते ठिकाण म्हणजे उत्तराखंडातल्या कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानातलं ढिकालाचं जुनं वन विश्रामगृह.

रामनगरला रेल्वे संपते. तिथून धनगढीच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता आणि फाटकातून आत तीसेक किलोमीटर सालाचं जंगल. वाटेत सुलतान, गैराल, सर्पदुली अशी लहान विश्रामगृहं लागतात. (सुलतान हे नाव वाचून बायको म्हणाली, इथं तरी आपलं नाव कुणी बदललेलं दिसत नाही.) मग झाडी एकदम संपते आणि समोर रामगंगेच्या काठावरचं प्रचंड गवताळ मैदान उघडतं. त्याच्या कडेला इंग्रजी काळातलं हे विश्रामगृह उभं आहे. जाड भिंती, उंच छत, रुंद व्हरांडा. आजूबाजूला नंतर बांधलेल्या खोल्या, बारा-बारा जणांना झोपता येईल अशा लाकडी झोपड्या, खानावळ, छोटं ग्रंथालय. या सगळ्या आवाराला विजेचं कुंपण. सूर्य मावळला की कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. दारू नाही, मांस नाही. आमच्या नात्यातल्या एका चाचांनी फोनवर विचारलं होतं, "म्हणजे जंगलात जाऊन डाळभातच खाणार?" हो, डाळभातच. आणि तो छान होता.

फजरला व्हरांड्यात उभा राहिलो तेव्हा पश्चिमेला जलाशयावर धुकं होतं आणि गवतात हत्तींचा कळप. मोबाईलला रेंज नाही, अजान नाही, गाडीचा आवाज नाही. चितळाची एक धोक्याची हाक आली आणि सगळं पुन्हा शांत झालं. अशा ठिकाणी राहायला मिळणं ही नेमत आहे, आणि ढिकालाचं विश्रामगृह बंद करावं असं मी मुळीच म्हणत नाही. उलट ते आहे तसंच साधं आणि सरकारीच राहावं, एखाद्या पंचतारांकित कंपनीच्या हाती जाऊ नये, असं माझं मत आहे. माझा मुद्दा दुसरा आहे, आणि तो त्या गवतापासून सुरू होतो.

या मैदानांना तिकडे 'चौड' म्हणतात. पर्यटकाला ती निसर्गानं दिलेली वाटतात. पण जिथं सालाचं रान माजायला हवं तिथं इतकं मोकळं गवत आलं कुठून? यांतली बरीच मैदानं म्हणजे उठवलेल्या वस्त्यांची जुनी शेतं आहेत. एकोणिसाव्या शतकात कुमाऊंचा इंग्रज अधिकारी हेन्री रॅमसे यानं पाटलीदूनच्या या खोऱ्यातली शेती बंद केली आणि गुरांचे गोठे हलवले. लाकूड वाचवणं हा त्यामागचा हिशेब होता, रेल्वेला आणि साम्राज्याला साल हवा होता. पुढे १९३६ साली इथं भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्याला संयुक्त प्रांताच्या माजी गव्हर्नरचं म्हणजे हेलीचं नाव दिलं गेलं. स्वातंत्र्यानंतर काही काळ ते रामगंगा होतं, मग जिम कॉर्बेटच्या निधनानंतर त्याचं नाव लागलं. १ एप्रिल १९७३ रोजी 'प्रोजेक्ट टायगर'ची सुरुवात झाली तीही इथूनच. २०२२ च्या गणनेत कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात २६० वाघ मोजले गेले, देशातल्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा जास्त. हे यश खरं आहे. ते नाकारण्यात काही शहाणपण नाही.

पण याच इतिहासात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, सत्तरच्या दशकात कालागढला रामगंगेवर धरण झालं आणि त्याच्या पाण्याखाली याच खोऱ्यातला उत्तम गवताळ भाग गेला. ढिकालाच्या व्हरांड्यातून दिसणारं ते सुंदर पाणी म्हणजे बुडालेलं चराऊ रान आहे. दुसरी, नव्वदच्या दशकात उद्यानाच्या दक्षिण कडेची झिरना, कोठीरौ आणि धारा ही गावं उठवली गेली. आज 'झिरना' हे सफारीच्या एका विभागाचं नाव आहे. "तुम्हाला कुठलं गेट मिळालं? आम्हाला झिरना," असं पर्यटक एकमेकांना सांगतात. ते गावाचं नाव आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

आता वनगुज्जरांकडे येतो. शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलात, राजाजीपासून कॉर्बेटच्या सोनानदीपर्यंत, म्हशी राखणारा हा मुसलमान पशुपालक समाज. बोली गोजरी. राहणं माती-गवताच्या डेऱ्यात. उन्हाळा लागला की डेरे म्हशी घेऊन वर हिमालयातल्या कुरणांकडे, बुग्यालांकडे, निघतात आणि पावसाळ्यानंतर खाली उतरतात. दूध विकणं हा धंदा. हे लोक मुसलमान असूनही आपली म्हैस सहसा कापत नाहीत. रोजचं जेवण रोटी, दूध, ताक, भाजी. ढिकालाच्या खानावळीचा नियम त्यांना पाटी लावून सांगायची गरज नाही.

रामनगरला परतल्यावर बाजारातल्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे गुज्जर भेटले. मेंदीनं रंगवलेली दाढी, दुधाचे रिकामे कॅन शेजारी. सलाम झाला, कुठून आलात विचारलं. मी म्हटलं पुण्याहून, ढिकालाला राहून आलो. ते हसले. म्हणाले, "आप ढिकाला में सोये तो टूरिस्ट. हम सोनानदी में सोते हैं तो अतिक्रमण." आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

त्यांचं बोलणं भावनेचं म्हणून सोडून देता येईल, पण त्यात नेमका प्रश्न आहे. विश्रामगृह काय सिद्ध करतं? गाभ्यात माणूस राहिला तरी वाघ राहू शकतो, फक्त संख्या, वेळ, जागा आणि वागणं यांचे नियम हवेत. वनखातं हे नियम पर्यटकाला घालून देतं आणि ते बऱ्यापैकी चालतात. म्हणजे माणूस नको हे तत्त्व नाहीच. कुठला माणूस चालेल, एवढाच प्रश्न आहे. दोन रात्रींचे पैसे भरणारा चालतो, पिढ्यान्‌पिढ्या राहणारा चालत नाही.

याला उत्तर दिलं जातं की पर्यटक झाडं तोडत नाही, म्हशी चारत नाही. हे उत्तर मी टाळणार नाही. गुज्जर म्हशींसाठी झाडांच्या फांद्या छाटतात, आणि जिथं डेरे दाटले तिथं झाडांची दशा वाईट होते. म्हैस आणि चितळ एकच गवत खातात. वाघानं म्हैस मारली की वैर येतं, कधी माणूसही जातो. कित्येक गुज्जर कुटुंबांना स्वतःलाच बाहेर यायचं आहे, मुलींना शाळा हवी आहे, बाळंतिणीला दवाखाना हवा आहे. जंगलातलं जगणं म्हणजे काही निसर्गकाव्य नाही, ते शहरातून दोन रात्री आलेल्याला वाटतं. राजाजीतून शेकडो कुटुंबं हरिद्वारजवळ पथरी आणि गैंडीखाता इथं वसवली गेली, त्यांतली बरीच राजीखुशीनं गेली असतील.

पण ज्याला जायचं नाही त्याचं काय? २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की जंगलात राहणाऱ्यांचे हक्क आधी मान्य करा, भटक्या पशुपालकांचे चराईचे हक्कही त्यात येतात. अभयारण्यातून हलवायचंच असेल तर त्यानंतर, आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीनं. आता अडचण पाहा. हिमाचल आणि जम्मू-काश्मीरमध्ये गुज्जर अनुसूचित जमात आहेत, उत्तराखंडात नाहीत. त्यामुळे त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, जंगलात वास्तव्य होतं हे दाखवावं लागतं. वर्षातून दोनदा डेरा उचलणाऱ्यानं ७/१२ कुठून आणायचा? गंमत अशी की पुरावा कुणाकडे असेल तर तो वनखात्याकडेच. कुठल्या कुटुंबाच्या किती म्हशी, किती चराई, याची परमिटं इंग्रजांच्या काळापासून याच खात्यानं दिलेली आहेत.

आणि यात धर्म आला की सगळंच नासतं. २०२३ मध्ये उत्तराखंड सरकारनं वनजमिनीवरच्या मजारी हटवण्याची मोहीम काढली, 'लँड जिहाद' हा शब्द सत्तेतल्या लोकांच्या तोंडी रुळला. अशा हवेत गुज्जराचा डेरा हा पशुपालकाचा डेरा उरत नाही. तो मुसलमानाचा कब्जा होतो. वाघाचा प्रश्न बाजूला राहतो आणि वाघासाठी तळमळणारे खरे लोकही गप्प बसतात, कारण बोललं तर कुठल्या तरी बाजूचं ठरायला होतं.

आपल्या लोकांनाही एक सांगायचंय. हा प्रश्न आपण कौमचा प्रश्न म्हणून उचलला तर गुज्जरांचं नुकसानच करू. आपल्याकडे मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावं या शतकाच्या सुरुवातीला उठली. ते कोरकू मुसलमान नाहीत. सिपनाकाठच्या कोलकासला मुक्काम करणाऱ्या मराठी पर्यटकाला ती गावं आठवत नाहीत, तशीच ढिकालाच्या पर्यटकाला धारा-कोठीरौ आठवत नाहीत. मुसलमान म्हणून माझा जीव गुज्जरांसाठी जरा जास्त तुटतो हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मागणी करायची तर ती कोरकूला आणि गुज्जराला एकाच कायद्यानं लागू होईल अशी हवी. शिवाय आपल्यातही वर्ग आहेत. पुण्याच्या मुसलमानाला ढिकालात खोली मिळते, कारण त्याच्याकडे ऑनलाइन बुकिंग करण्याइतके पैसे आणि ओळखपत्र आहे. सोनानदीच्या मुसलमानाला तीच रात्र गुन्हा म्हणून मोजावी लागते.

काय करता येईल? हक्कांचे दावे ऐकताना वनखात्याची जुनी चराई परमिटं पुरावा म्हणून स्वीकारावीत. ज्यांना बाहेर जायचंय त्यांना जमीन कागदासकट द्यावी. ज्यांना राहायचंय त्यांच्याशी म्हशींची संख्या, छाटणीची झाडं आणि मोसम यांचे करार करावेत आणि ते मोडले तर कारवाई करावी, पर्यटकावर करतात तशी. रात्रीच्या जंगलात शिकाऱ्याची चाहूल कुणाला आधी लागते? हत्तीच्या वाटा कुणाला पाठ आहेत? हे ज्ञान पगारावर घेण्यात वाघाचा तोटा नाही. आणि सगळ्यात स्वस्त काम: ढिकालाच्या आवारात पक्ष्यांची, प्राण्यांची माहिती देतात, तिथं एक फलक या मैदानांच्या जुन्या वस्त्यांचाही लावावा.

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर ढिकाला १५ नोव्हेंबर ते १५ जूनच्या दरम्यान खुलं असतं, पण खोली मिळणं कठीण, आधीपासून बघा. थंडीचे कपडे न्या, पहाटे उघड्या जिप्सीत हाडं गोठतात. आणि गाईड वाघाच्या पंज्याचे ठसे दाखवून झाला की त्याला विचारा, या चौडावर पूर्वी कुणाचं गाव होतं. आमचा गाईड आधी जरा थबकला. मग त्यानं गाडी थांबवायला लावली आणि गवतात उभ्या असलेल्या आंब्याच्या दोन म्हाताऱ्या झाडांकडे बोट केलं.