पाणी वेगळे कशाला?



आमची नात वारणानगरला कॉलेजात शिकते. गेल्या पंधरवड्यात तिने रोमच्या जुन्या कवींवरचे एक पुस्तक आणले. रात्री जेवणे उरकली की ती वाचायची, मराठीत अर्थ सांगायची आणि मी खाटेवर पडून ऐकायचो. कोडोलीच्या माणसाला रोमशी काय करायचे, असे वाटत होते. पण एका कवितेने मी उठून बसलो.

कवीचे नाव जुव्हेनल. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तो होऊन गेला. ढोंगावर, पैशाच्या माजावर, पोकळ खानदानीपणावर कोरडे ओढणाऱ्या त्याच्या सोळा कविता आहेत. पाचव्या कवितेत एका श्रीमंताच्या घरची पंगत आहे. रोममध्ये गरीब नागरिक बड्या माणसाच्या आश्रयाने राहत. सकाळी त्याच्या दारात हजेरी लावत आणि कधीतरी जेवणाचे बोलावणे येईल म्हणून वाट बघत. एकदाचे बोलावणे येते. यजमानापुढे मऊ पांढरा पाव, पाहुण्यापुढे बुरशी आलेला कडक तुकडा. यजमानाला समुद्रातला उंची मासा, पाहुण्याला गटाराच्या घाणीवर पोसलेला नदीतला. दारू वेगळी. इतकेच काय, पिण्याचे पाणीसुद्धा वेगळे!

"आजोबा, पाणीपण?" नात म्हणाली.

पाण्याचा भेद आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. आपल्या कोल्हापुरातच दरबारच्या चाकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना आधार देऊन स्वतःचा धंदा काढायला लावला. गंगारामांनी चहाचे हॉटेल घातले. महाराज तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घेत आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजत. पंगत उलटी फिरवायची ती अशी.

कवितेच्या शेवटी जुव्हेनल त्या पाहुण्यालाच फटकारतो. एवढा अपमान गिळून पुन्हा त्याच दारात जाणार असशील, तर तुझी लायकी तेवढीच, असा त्याचा रोख आहे. बोल कडू, पण स्वाभिमान जागा करणारे. मात्र त्या पाहुण्याला पोटासाठी जावे लागत होते, हेही विसरता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते कुणाचे पाहुणे म्हणून नव्हे. माणूस म्हणून आपला हक्क बजावण्यासाठी.

इथवर मला हा कवी आपलाच वाटत होता. मग नातीने आणखी एक गोष्ट दाखवली. यजमानाला पेला देणारा गुलाम देखणा आणि महागाचा. पाहुण्याला पाणी देणारा आफ्रिकेतला, काळा, हाडकुळा. असल्याच्या हातून पाणी घ्यावे लागते, हासुद्धा कवीला अपमानच वाटतो! पाणी देणारा तो हात कुणाचा, त्याला तहान लागते का, हा प्रश्न त्याला पडत नाही.

त्याच्या आधी होरेस नावाचा कवी झाला. त्याचा बाप एके काळी गुलाम होता. थोडीशी शेती, लिलावाची वसुली करण्याचे काम; पण मुलाला शिकवायला तो थेट रोमला घेऊन गेला आणि प्रत्येक शिक्षकाकडे स्वतः सोबत जात राहिला. लोक बापावरून हिणवत, तेव्हा होरेसने कवितेतच सांगितले की, आईबाप निवडायची मुभा मिळाली तरी मी दुसरे निवडणार नाही. हे ऐकून माझे डोळे भरून आले. पण त्याच कवितेत होरेसच्या साध्या जेवणाचे वर्णन आहे, आणि ते वाढायला तीन गुलाम आहेत.

वरच्याबद्दल तक्रार आणि खालच्याबद्दल तिटकारा. आपल्या समाजातल्या अशा उतरंडीला बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले. ती रोममध्येही होती.

आपल्या जलशांचे मोठेपण इथे कळते. आधी सत्यशोधक जलसे झाले, पुढे नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. सावकार आणि भटजी यांची फजिती ते करीतच. पण आपल्यातली दारू, बुवाबाजी, शिक्षणाकडची पाठ यांवरही त्यांनी बोट ठेवले. पुढे बसलेला माणूस हसता हसता मान खाली घालायचा.

मीही मान खाली घातली. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कामगार येतात, रस्त्याकडेला खोपी पडतात. मागच्या हंगामात एक बाई कडेवर लेकरू घेऊन दारात पाणी मागायला आली. मी आत जाऊन तांब्या भरला. फळीवर स्टीलचे पेले चकचकीत मांडले होते. ते सोडून मोरीजवळचा पोचे पडलेला जर्मनचा पेला मी उचलला. मला कुणी सांगितले नव्हते. हात आपोआप गेला. तिची जात मी विचारली नव्हती. अंगावरचे कपडे धुळीने आणि उसाच्या चिकटाने मळले होते, एवढेच.

पुस्तक मिटून नात हळूच म्हणाली, "आजोबा, त्यो पेला आठवतोय का?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी तो पेला भंगारात दिला. पण पेला गेला म्हणून हाताची सवय जात नाही, तिच्यावर रोज लक्ष ठेवावे लागते.

आता हंगाम आला की कुणीतरी दारात येईल. बंधू-भगिनींनो, आपापल्या घरातल्या मोरीजवळ एकदा बघा. तिथे असा एखादा वेगळा पेला नाही ना?

नमो बुद्धाय, जय भीम!