परीक्षा कोणाची घ्यावयाची?

इंटरनेटवर पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने सुरक्षिततेचे प्राथमिक ज्ञान सिद्ध करावे, असा एक विचार मांडला जातो. वाहनास परवाना लागतो, मग येथे का नको, हा त्यामागील युक्तिवाद. ओटीपी सांगून आयुष्याची पुंजी गमावणाऱ्यांच्या कहाण्या रोज कानी येत असताना त्यातील कळकळ आम्ही नाकारीत नाही. परंतु गंगाखेडच्या बांधावरून पाहिले म्हणजे त्यातील उणीव ध्यानी येते.

मोटार घ्यावी की नाही, हे माणूस स्वतः ठरवितो. गंगाखेडचा शेतकरी मात्र इंटरनेटवर हौसेने आलेला नाही. त्याला शासनाने तेथे आणले आहे. 2021 मध्ये ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद मोबाइलवर करण्याचे काम त्याच्या माथी आले. पीकविम्याचे व अनुदानाचे अर्जही तेथेच. अशा वेळी परीक्षेची अट म्हणजे त्याचे हक्क उंबरठ्यावरच अडविणे होय.

शिवाय, फसवणूक केवळ अज्ञानातून होते काय? 2017 मध्ये गंगाखेडच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, तो शेतकऱ्यांच्या नावे त्यांच्या नकळत बँकांकडून कर्जे उचलल्याच्या तक्रारीवरून. त्या शेतकऱ्यांना कोणती परीक्षा वाचवू शकली असती? त्याच वर्षीच्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने, निष्काळजीपणाने गुप्त माहिती देणाऱ्या ग्राहकावर, बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान टाकले. अज्ञानाचा दंड गरिबाच्या पदरी असा आधीच पडलेला आहे.

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील साक्षरता एक पंचमांशाहूनही कमी होती. तरी कोणी मतदाराची परीक्षा घेतली नाही. मतपेट्यांवर चिन्हे लावली गेली. व्यवस्था माणसाच्या पायरीपर्यंत उतरली, हा लोकशाहीचा खरा धडा होय.

परीक्षा घ्यावयाचीच, तर ती दुसऱ्याची माहिती व पैसा हाताळणाऱ्यांची घ्या: बँकांची, कंपन्यांची, सरकारी खात्यांची. ज्ञान ही हक्काची पूर्वअट नव्हे; ते स्वतःच एक हक्क आहे. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीतून विनामूल्य शिक्षण द्यावे, प्रत्येक ऑनलाइन अर्जाबरोबर कागदी अर्जाची खिडकी उघडी ठेवावी आणि निष्काळजीपणाचा आळ घेण्यापूर्वी बँकेने आपली व्यवस्था निर्दोष असल्याचे सिद्ध करावे, या मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत.

तोवर कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा 1930 हा क्रमांक गावोगावच्या फलकांवर लिहावा, आणि फसलेल्याला हसण्याऐवजी त्याच्याबरोबर ठाण्यात जावे.