सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका, काउंटरवर उभे राहा!

डी.फार्म., बी.फार्म. झालेल्या आपल्या तरुणांना एक प्रश्न. तुमचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट ज्या मेडिकल स्टोअरच्या भिंतीवर टांगलंय, तिथे तुम्ही स्वतः उभे असता का? महिन्याला ठरलेली रक्कम घ्यायची, सर्टिफिकेट दुकानदाराच्या हवाली करायचं आणि आपण दुसरीकडे नोकरी करायची, हा प्रकार आपल्याला माहीतच नाही असं कुणी म्हणू नये.

फार्मसी ॲक्ट १९४८ चा. त्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. डॉक्टर स्वतःच्या पेशंटला औषध देतो, तेवढा अपवाद. हा नियम कशासाठी, ते आपल्याच घरातून पाहा. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या पेशंटला रोज फॉलिक ॲसिड लागतं. 'फोलिट्रॅक्स' नावाचीही एक गोळी मिळते. नाव जवळचं, पण ती मेथोट्रेक्सेट आहे. सांधेदुखीच्या आजारात ती आठवड्यातून एकदा देतात. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी तयार होणंच मंदावतं, जीवही जाऊ शकतो. हायड्रॉक्सियुरियाचा डोस वजनावर ठरतो आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. शिकलेला फार्मासिस्ट चिठ्ठीवर वय, डोस, दिवस पाहतो, शंका आली तर डॉक्टरला फोन लावतो. काउंटरवरच्या पोराला हे कुणी शिकवलंय? त्याचा दोष नाही, तोही आपल्याच वस्तीतला.

आता पैशाचं बघा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. अडारकरांकडे सोपवलं गेलं. १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. म्हणजे विम्याचा आणि फार्मसीचा कायदा एकाच वर्षीचा. आज हिंगणा-बुटीबोरीतल्या ईएसआयच्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्याला बाहेरून औषध घ्यावं लागलं, तर पैसे परत मिळतात ते चिठ्ठी आणि पक्क्या बिलावर. बिलावर औषधाचं नाव, नग, बॅच नंबर आणि फार्मासिस्टची सही लागते. सही करणारा माणूसच दुकानात नसेल, तर कामगाराच्या हातात कच्चं चिठोरं येतं आणि क्लेम अडकतो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कॅशलेस आहे. हॉस्पिटलला पॅकेजची रक्कम मिळते आणि तिच्यात डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधंही धरलेली असतात. तरीही नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन 'बाहेरून आणा' म्हटलं जात असेल, तर त्याच औषधाचे पैसे दोनदा वसूल होतात: एकदा सरकारकडून, एकदा आपल्या खिशातून. अशा वेळी पक्कं बिल जपून ठेवा, आरोग्यमित्राला गाठा, १५५३८८ वर तक्रार करा. हा उपकार नाही, हक्क आहे.

'पगार तुटपुंजा आहे, स्वतःचं दुकान टाकायला भांडवल नाही,' असं आपली मुलं म्हणतात. खरं आहे. पण त्यावर उपाय सर्टिफिकेट भाड्याने देणं नव्हे. उद्या चुकीच्या औषधाने कुणी दगावलं, तर दुकानदारासोबत भिंतीवरचं तुमचं नावही चौकशीत येईल. फार्मसी कौन्सिल नोंदणी रद्द करू शकते. आईबापांनी मजुरी करून मिळवून दिलेलं शिक्षण महिन्याच्या भाड्यावर घालवायचं का?

सरकारी दवाखान्यांतली औषधनिर्माण अधिकाऱ्यांची पदं भरा, ही मागणी घेऊन रस्त्यावर या. चारजण मिळून दुकान टाका. आणि रविवारी दोन तास वस्तीतल्या विहारात बसा. लोकांच्या चिठ्ठ्या वाचून द्या, बिलं तपासा, क्लेमचे कागद लावून द्या. सभेतल्या भाषणापेक्षा त्या दोन तासांचा समाजाला जास्त उपयोग होईल.

जय भीम!