जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’

शाळेच्या जनरल रजिस्टरात धर्म आणि जात लिहिण्याची जागा असते. आपल्या मुलांच्या नावांपुढे तिथे काय सापडते? धर्म इस्लाम, जात मुसलमान. कुठल्याही उर्दू शाळेचे जुने रजिस्टर उघडा, पानेच्या पाने तेच. बागवानाचा मुलगा मुसलमान, पिंजाऱ्याची मुलगी मुसलमान. तांबोळी, अत्तार, मण्यार, कुरेशी सगळे मुसलमान. आडनाव बहुतेकांचे शेख. लिहिणाऱ्या गुरुजींच्या मनात पाप नव्हते. उर्दूत ‘क़ौम’ म्हटले की जमातही आली आणि जातही आली. विचारले क़ौम, उत्तर आले मुसलमान, शाई वाळली. सांगणाऱ्या बापालाही आपण दीनाचीच गोष्ट सांगितली असे वाटले. त्या एका शब्दामुळे आपल्या नातवंडांचा एक घटनात्मक हक्क अडणार आहे, हे त्याला कुणी सांगितले नाही. ना मौलवींनी, ना पुढाऱ्यांनी, ना शाळेने.

हक्कांचा लढा म्हटला की आपल्या समाजाला मोर्चा आठवतो. शाहबानोचा निकाल १९८५ मध्ये लागला तेव्हा गावोगाव माणसे रस्त्यावर आली. केंद्र सरकारने १९८६ मध्ये कायदा बदलला. आपली ताकद दिसली म्हणून आपण खूश झालो, आणि त्या ताकदीने तलाक दिलेल्या बाईच्या हातात काय पडले हे विचारायचे राहून गेले. आता दुसरी तारीख घ्या. ७ डिसेंबर १९९४. त्या दिवशी महाराष्ट्र शासनाने मुसलमानांमधल्या मागास व्यावसायिक जातींना इतर मागासवर्गीयांचे दाखले आणि सवलती देण्याचा निर्णय काढला. हा निर्णय किती मशिदींत जुम्याच्या नमाजनंतर वाचून दाखवला गेला? किती जलशांत, किती इज्तेमांत त्याचा नुसता उल्लेख तरी झाला? मी उर्दू शाळेत शिकवते. पालकसभेत ही तारीख उच्चारली की आजही समोरचे चेहरे कोरे असतात.

हा निर्णय कुणाच्या मेहेरबानीने आला नव्हता. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून फिरले. विलास सोनवणे यांच्यासारखे डाव्या चळवळीतले लोक बरोबर आले. पेशावरच्या फळव्यापाऱ्याचे चिरंजीव युसूफ खान, म्हणजे आपले दिलीपकुमार, या सभांच्या व्यासपीठावर उभे राहिले. लोक नटाला बघायला येत आणि मंडल आयोग ऐकून जात. मंडल आयोगाने आपल्या १९८० च्या अहवालात बिगरहिंदू मागास समूहांचा हिस्सा देशाच्या लोकसंख्येच्या ८.४ टक्के धरला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर १९९२ रोजी २७ टक्के आरक्षण मान्य केले होते. म्हणजे दार उघडे होते. आत जायला फक्त आपण कोण हे सांगायचे होते, आणि नेमके तेच आपण सांगत नव्हतो. १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून फकरुद्दीन बेन्नूर सरांनी जे लावून धरले तेही हेच. आपण इथल्याच मातीतले, इथल्याच कारू-नारू, विणकर, पिंजारी, फळविके, मुलाणी. अरबस्तानातून घोड्यावर बसून आलेले मूठभर, बाकी सगळे गावगाड्यातले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. “हमारे में जात-बीत कुछ नै.” हज्जतुल विदाचा खुतबा आम्हीच मुलांकडून पाठ करून घेतो. अरबाला अजमीवर श्रेष्ठत्व नाही, हे शिकवताना माझाही आवाज भरून येतो. नमाजच्या सफेत तसे घडतेही, आणि ते लहानसहान नाही. पण सलाम फेरला, चप्पल पायात घातली की काय होते? लग्नाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न येतो, कौन लोग हैं? सय्यदांची मुलगी पिंजाऱ्यात जात नाही. कुरेशींची अत्तारांत देताना दोन्ही घरे आधी कुजबुजतात. फिकहच्या ग्रंथांत ‘कुफू’च्या नावाखाली नसब आणि पेशा यांची चर्चा आहे, ती काही माझ्यासारख्या बाईने लिहिलेली नाही. सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात अशरफ, अजलाफ, अरजल या थरांची नोंद घेतली. तेव्हा लग्नात जात आहे, मोहल्ल्यात आहे, ट्रस्टच्या निवडणुकीत तर आहेच आहे. ती नेमकी शाळेच्या फॉर्मवरच कशी गायब होते? जिथे जात सांगून गरिबाच्या पोराला काही मिळायचे, तिथेच आपल्याला इस्लामी समता आठवते. आणि ती आठवण करून देणाऱ्याच्या स्वतःच्या मुलाला त्या दाखल्याची बहुधा गरज नसते.

जात लिहिणे म्हणजे जात मानणे नव्हे. जातिनिर्मूलनाचा ग्रंथ १९३६ मध्ये लिहिणाऱ्या बाबासाहेबांनीच मागासांसाठीची संरक्षणे घटनेत आणली. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा राखल्या, तेव्हा ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सारे त्यात होते. हा वारसा आपलाही आहे.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. दंगलीत कुणी बागवान की सय्यद असे विचारतो का? नाही विचारत. २ जून २०१४ रोजी हडपसरला मोहसिन शेख या तरुणाला ठार केले गेले ते दाढी आणि टोपी पाहून, आणि जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. आमच्याच दौंड तालुक्यात, यवतला, १ ऑगस्ट २०२५ रोजी समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून जमाव उतरला, मोडतोड झाली, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. दगड भिरकावणाऱ्याने जातीचा दाखला मागितला नव्हता. म्हणून जिवाच्या आणि अब्रूच्या रक्षणासाठी आपण सगळे मुसलमान म्हणून एकत्र उभे राहिलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण दंगल रोज नसते. अकरावीचा प्रवेश, नर्सिंगची जागा, पोलीस भरती, ग्रामपंचायतीतली ओबीसीची राखीव जागा ही लढाई दर वर्षी असते. मारणारा आपल्याला एक समजतो, तेवढ्यावरून कायद्यापुढेही एकच शब्द लिहायचा असे ठरवले, तर आपली ओळख त्या मारणाऱ्याच्या हाती दिल्यासारखे होईल. शिवाय एकजूट दाखल्याने तुटत नाही. माळी, साळी, कोष्टी यांनी दाखले काढले म्हणून त्यांचा धर्म बुडाला असे मी तरी ऐकलेले नाही.

आता दाखला काढायला जा म्हणजे कळेल. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. त्यापूर्वीचा, आपल्या बापाचा, चुलत्याचा, आजोबाचा, जातीची नोंद असलेला कागद हवा. जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच, हे २००० सालच्या जातप्रमाणपत्र कायद्यानेच ठरवले आहे. दौंडसारख्या गावात याचा अर्थ काय होतो पाहा. हे रेल्वेचे जंक्शन. इथली किती घराणी रेल्वेच्या पाठीपाठी आली. कुणी सोलापूरकडून, कुणी मराठवाड्यातून, कुणी आणखी लांबून. आजोबा इंजिनात कोळसा टाकत होते एवढे नातवाला ठाऊक. गाव कोणते, तालुका कोणता, शाळा होती की नव्हती, अंधार. १९६७ मध्ये कुटुंब जिथे राहत होते तिथला कागद शोधायचा. तो मिळालाच तर त्यावर लिहिलेले असते, मुसलमान. कागद अपुरे पडले की दक्षता पथक घरी येऊन चौकशी करते. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणाऱ्याचा नातू त्या अधिकाऱ्यापुढे अदबीने सांगतो, हम तो मुसलमान हैं साहब. झाले. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुली याच दगडावर आपटून घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत. मुलगा असता तर बापाने आणखी दोन खेटे घातले असते. मुलीसाठी घालत नाही, तिचे लग्न ठरवतो.

इथे मी सरकारला सोडणार नाही. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मोडी वाचणारे कामाला लागले, जन्म-मृत्यूची रजिस्टरे, महसुली दप्तरे, शाळांचे दाखले धुंडाळले गेले आणि लाखांनी नोंदी सापडल्या. तक्रार मुळीच नाही. उलट यातून एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारने मनावर घेतले तर जुने दप्तर बोलते. मग त्याच दप्तरांत तांबोळी, मुलाणी, पिंजारी, मोमीन, छप्परबंद यांच्याही नोंदी असतील ना? तेच कपाट, तोच मोडी वाचणारा. आमच्यासाठी ते पान उलटायला कुणाचा हात दुखतो? ही मागणी कुठल्या मुस्लिम आमदाराने विधानसभा दणाणून सोडून केली असेल तर तिचा आवाज दौंडपर्यंत पोहोचलेला नाही.

आमचे पुढारी कशात गुंतले होते? पाच टक्क्यांत. जुलै २०१४ मध्ये मराठ्यांना १६ आणि मुसलमानांना ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला, निवडणुका तोंडावर असताना. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाने मुसलमानांचे शिक्षणातले ५ टक्के चालू ठेवायला मुभा दिली. एवढी मुभा मिळूनही नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि अध्यादेश मेला. हा अन्याय होता, उघड अन्याय. पण त्यानंतरची कितीतरी वर्षे प्रत्येक निवडणुकीत त्याच मेलेल्या अध्यादेशाची गाजरे वाटली गेली आणि हातात असलेल्या १९९४ च्या निर्णयावर धूळ साचली. ‘मुस्लिम आरक्षण’ ही घोषणा व्यासपीठावर शोभते, टाळ्या मिळवते आणि समोरच्या पक्षालाही हवे ते भांडण मिळवून देते. पिंजारी आरक्षण, बागवान आरक्षण म्हटले की टाळ्या कमी पडतात. पण कोर्टात टिकते ते मागासलेपण. नुसता धर्म तिथे टिकत नाही.

आणि ज्यांची अवस्था याहून वाईट, त्या मेहतर, हलालखोर अशा दलित मुसलमानांचे काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेरच. रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढा म्हणून २००७ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोगापुढे सांगायचे काय? आमच्यात हे लोक आहेत हेच आमच्या एकाही कागदावर नाही. सफाईचे काम करणाऱ्याला मशिदीत आपण भाई म्हणतो, त्याच्या घरचे पाणी पिताना विचार करतो, आणि आयोगापुढे मात्र आमच्यात जात नाही म्हणून मोकळे होतो.

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून ठरलेल्या जनगणनेत सगळ्यांची जात विचारायची, असा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. सर्व जातींची पूर्ण गणना १९३१ नंतर देशात झालेली नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान ११.५४ टक्के, सुमारे १ कोटी ३० लाख. यातले किती बागवान, किती मोमीन, कुणालाच सांगता येत नाही. प्रगणकाला आपण काय सांगतो त्यावर पुढच्या कित्येक वर्षांच्या योजना, जागा आणि कोर्टातले पुरावे उभे राहणार. आणि या वेळी ‘जात : मुसलमान’ असे उत्तर द्या, असे सांगणारी पत्रके निघू लागली तर ती कुणाच्या सोयीची आहेत हे आधी तपासा.

तोवर जून येतो आणि पहिलीचे प्रवेश येतात. मूल शाळेत आहे तोवर नोंद दुरुस्त करणे त्यातल्या त्यात सोपे. एकदा दाखला घेऊन ते बाहेर पडले की शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत चपला झिजतात. फॉर्मवर जात लिहिताना हात अडला तर आजोबांना विचारा. आजोबा नसतील तर आत्याला, खालाला, शेजारच्या म्हाताऱ्या बुवांना विचारा. आपल्या घरात पूर्वी कोण काय विकायचे, काय विणायचे, काय पिंजायचे हे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त ठाऊक असते. फक्त त्यांना आजवर कुणी विचारलेले नसते.