खिडकीतलं झाड

उमरग्यात एका नव्या दवाखान्याचा नकाशा दाखवताना आर्किटेक्ट म्हणाले, "खिडकीतून झाड दिसलं की पेशंट लवकर बरा होतो, हे सिद्ध झालंय." कुठे? पेनसिल्व्हेनियात. रॉजर उलरिच, १९८४. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, निम्म्यांसमोर झाडं, निम्म्यांसमोर विटांची भिंत. अभ्यास प्रामाणिक आहे. हे सगळ्या इमारतींना, सगळ्या रुग्णांना लागू करता येणार नाही, असं उलरिचनेच लिहून ठेवलंय. ते कोण वाचतं! आमच्याकडे तीच पश्चिमेची काच मे महिन्यात वॉर्ड भाजून काढणार. पेशंटसोबतचे नातेवाईक कुठे झोपणार, असं मी विचारलं. उत्तर आलं, "त्यावर रिसर्च नाही." मग मोजा की. रात्री दहाला कुठल्याही दवाखान्याच्या जिन्यात या.