एका तिकिटात दोन नायक

फराळाचं ताट पुढ्यात घेऊन हे पान उघडणाऱ्या वाचकांनी आधी हातातली चकली संपवून घ्यावी हे बरं, कारण आज मी रॅप या विषयावर लिहिणार आहे. आमच्या हिनं मथळा ऐकला आणि ती एवढंच म्हणाली, "मागच्या दिवाळीला गुडघेदुखीवर लिहिलंत ते काय वाईट होतं?" वाईट नव्हतंच. परंतु गुडघेदुखी काही पळून जात नाही, आणि ही हकीकत मी तेरा वर्षं पोटात ठेवली आहे.

२०१२ च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे लंडनला होतो. एका संध्याकाळी अण्णांचा नातू जेवायला आला. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू; माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. गिरगावातल्या एका खोलीवरून आमचं बोलणं तेव्हा एकोणीस वर्षं बंद होतं. लग्नकार्यात "काय, बरं ना?" आणि "बरं आहे" इतकाच व्यवहार. नातू लंडनला शिकत होता आणि आमचं भांडण त्याच्या अभ्यासक्रमात नसावं. त्यानं चार भरली वांगी संपवली आणि हात धुता धुता म्हणाला, "धाकटे आजोबा, उद्या माझ्याबरोबर जलशाला चला. मित्र आजारी पडलाय, तिकीट फुकट जाईल." तिकिटाची किंमत त्यानं मला अखेरपर्यंत सांगितली नाही, त्यावरूनच ती मी ओळखली.

ज्युबिली लाइननं नॉर्थ ग्रीनिच स्टेशनला उतरलं की समोर एक अवाढव्य पांढरा तंबू दिसतो. त्यातून बारा पिवळे खांब साळिंदराच्या काट्यांसारखे वर आलेले. २००० सालच्या स्वागताला म्हणून इंग्रजांनी तो उभारला, आणि पुढं २००७ मध्ये त्याच्या पोटात वीस हजार माणसांचं सभागृह उघडलं. त्याला ओटू म्हणतात. दारात माझी झडती घेणाऱ्या पोरानं माझ्या कानटोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "एंजॉय, सर" म्हणाला. वीस हजारांत कानटोपी एकच होती.

गाणारे दोघे. एक जे-झी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या सरकारी चाळींत वाढलेला; दुसरा कान्ये वेस्ट, शिकागोचा, इंग्रजीच्या प्राध्यापिकेचा मुलगा. वयात साडेसात वर्षांचं अंतर. पहिला मोठा गायक झाला होता तेव्हा दुसरा त्याच्या गाण्यांना चाली आणि ठेके बांधून देत असे. २००१ साली जे-झीची 'द ब्लूप्रिंट' ही गाजलेली ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यात या पोराची कारागिरी आहे. पोराला स्वतः गायचं होतं आणि कंपनीतली मंडळी म्हणत होती, तू आपला ठेके कर. अखेर २००४ मध्ये त्याची स्वतःची मुद्रिका निघाली आणि तोही मोठा झाला. २००७ साली त्यानं जे-झीवर एक गाणंच केलं. नाव 'बिग ब्रदर', म्हणजे थोरला भाऊ. त्यात आदर आहे आणि खदखदही आहे, असं नातवानं मला गाडीत समजावून सांगितलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. भुयारी रेल्वेत खिडकीबाहेर काहीही दिसत नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये दोघांनी मिळून 'वॉच द थ्रोन' ही मुद्रिका काढली आणि ऑक्टोबरात अमेरिकेत अटलांटाला दौरा सुरू केला. तोच दौरा मे-जूनमध्ये युरोपात आला होता: लंडन, पॅरिस, मँचेस्टर, शेवटी बर्मिंगहॅम. मुद्रिकेच्या नावाचा अर्थ सिंहासनावर नजर ठेव. सिंहासन एक आणि बसणारे दोन! आता मला सांगा, जाहिरातीत पहिलं नाव कुणाचं घालायचं? आणि शेवटी कोण गाणार? कारण शेवटी गातो तो मोठा, ही समजूत पुण्याच्या गाण्याच्या बैठकीपासून लंडनपर्यंत सारखीच आहे.

आपल्याकडे हा पेच ८ जुलै १९२१ ला मुंबईत पडला होता. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले. वडील त्याची हकीकत अशी सांगत की जणू स्वतः पहिल्या रांगेत होते; वास्तविक तेव्हा त्यांचा जन्मही व्हायचा होता. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले.

अमेरिकन मंडळींनी हा पेच कसा सोडवला ते पाहण्यासारखं होतं. दिवे गेले. एकजण मुख्य रंगमंचाकडे, दुसरा पार प्रेक्षकांच्या मधोमध दुसऱ्या टोकाला. आणि दोघांच्या पायांखालून दोन प्रचंड चौकोनी ठोकळे वर उठू लागले! ठोकळ्यांच्या चारी भिंती म्हणजे चित्रपटाचे पडदे. त्यांवर दात विचकणारे शार्क मासे आणि काळे शिकारी कुत्रे. एवढ्या उंचीवर उभे राहून दोघे एकमेकांकडे तोंड करून, आमच्या डोक्यांवरून, गाऊ लागले. कोण पुढं, कोण मागं हा प्रश्नच उरला नाही, कारण सभागृहाला पुढची बाजूच राहिली नाही. ही कल्पना एस डेव्हलिन या इंग्रज बाईंची. ऑपेरा आणि नाटकांचे देखावे करणाऱ्या; त्याच ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकच्या समारोपाचा देखावाही त्यांचाच होता. मग दोघे एका रंगमंचावर आले, मग एकानं एकट्यानं गायलं, दुसऱ्यानं एकट्यानं, पुन्हा दोघं. सुरुवात दोघांची आणि शेवटही दोघांचा.

गाणं मला कळलं का? शब्द फारसे कळले नाहीत, आणि जे कळले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नव्हते. परंतु एक गोष्ट कळली, ती मात्र मी पैज लावून सांगेन. रॅप म्हणजे तालात धरलेलं बोलणं. त्यात सूर ताणून विसावा घ्यायची सोय नाही. शब्दांवर शब्द येतात आणि छाती रिकामी होते. तेव्हा ओळीचा शेवटचा शब्द दुसरा उचलतो. एक म्हणतो, दुसरा तो शब्द पुरा करतो, आणि तेवढ्यात पहिल्याचा श्वास भरून होतो. अहो, ही झील! पोवाड्यात शाहिरामागं झीलकरी 'जी जी' करतो तो काय नुसत्या शोभेसाठी? तो शाहिराला दम देतो. इथं वीस हजार माणसांपुढं जगातले दोन मानी पुरुष आळीपाळीनं एकमेकांचे झीलकरी होत होते. माझा पाय ताल धरू लागला. नातवानं ते पाहिलं आणि सभ्यपणे न पाहिल्यासारखं केलं.

मला हे ओळखता आलं, कारण १९६२ च्या गणेशोत्सवात आमच्या चाळीच्या मेळ्यात अण्णा आणि मी पोवाडा म्हणत असू. मी सतरा वर्षांचा. माईक एकच. अण्णा ओळ टाकत आणि मी मागून उचलत असे. छापलेल्या हँडबिलावर अण्णांनी छापखान्यात जाऊन स्वतःचं नाव माझ्या आधी घालून घेतलं होतं. खोलीचं प्रकरण फार पुढचं. माझ्या मनातली पहिली नोंद हँडबिलाची.

जलशाच्या शेवटी पॅरिसवरचं एक गाणं असे. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्यातला पहिला शब्द गोऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या माणसांना शिवीसारखा वापरला आणि तो त्यांच्या तोंडचा त्यांच्याकडेच राहू द्यावा. हे गाणं संपलं की पुन्हा सुरू होई. वन्समोअर आपल्याला ठाऊक आहे, पण हा वन्समोअर प्रेक्षक मागत नाहीत, गाणारेच घेतात! १ जूनला खुद्द पॅरिसमध्ये, बेर्सीच्या सभागृहात, ते अकरा वेळा झालं. आमच्या रात्री लंडनलाही ते पुन्हा पुन्हा झालं आणि दर वेळी जमिनीवरची पोरं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी उड्या मारत होती.

बाहेर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. नातवानं फोन लावला. मी म्हटलं, "अरे, मुंबईत पावणेचार वाजलेत!" तो म्हणाला, "आजोबा साडेतीनलाच उठतात." आणि दोन वाक्यं बोलून त्यानं फोन माझ्या हातात दिला. पोरानं हे आधीपासून ठरवलं होतं, याबद्दल आता मला शंका नाही. आजारी मित्रही मी कधी पाहिला नाही.

"कोण, बाळ्या का?" अण्णा म्हणाले.

"हो."

"माणसं किती होती?"

"वीस हजार."

"माईक?"

"दोघांना दोन."

"मग काय," अण्णा म्हणाले, "चैन आहे लेकाच्यांची." थोडं थांबून म्हणाले, "परत आलास की ये."

मी गेलो. चहा झाला, मेळ्यातले लोक आठवून झाले. खोलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

त्या दोघांचं मात्र पुढं बिनसलं. २०१४ साली कान्येचं लग्न फ्लॉरेन्सला झालं, थोरला गेला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये सिएटलला गाता गाता थांबून कान्येनं हजारो लोकांपुढं त्याच्याबद्दल तक्रार केली. आपली मुलं अजून एकमेकांशी खेळलेली नाहीत, अशी. २०२१ साली त्यानं आपलं नाव कायद्यानं बदलून नुसतं 'ये' ठेवलं. वर्तमानपत्रात ते वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. २०२२ मध्ये ज्यूंविषयी तो इतकं विखारी बोलला की आदिदास कंपनीनं करार मोडला, आणि माझ्या मनातूनही तो उतरला. ते गाणं मी घरात लावत नाही. तसा दौरा त्या दोघांनी पुन्हा केला नाही.

अण्णा २०१९ साली गेले. यंदा श्रावणात वहिनींनी त्यांची ट्रंक उघडायला मला बोलावलं. तळाशी, विम्याच्या कागदांखाली, ते हँडबिल चौघडी करून ठेवलेलं. घड्यांवर विरलेलं, पण अक्षरं शाबूत. दोन नावं, एकाखाली एक. वरचं माझं होतं.

"काय आहे रे ते?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मेळ्याचं आहे."